न हलणारा काटा

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भावोजींचा एक गाळा होता. तिथे घरगुती व्होल्टेज स्टॅबिलायझर तयार होत. ऐंशीच्या दशकात उपनगरांत ज्याच्या घरी फ्रिज किंवा टीव्ही आला, त्याच्या घरी स्टॅबिलायझरही आला. वीज दिवसभर वरखाली होई आणि नवी वस्तू जळण्याची धास्ती प्रत्येकाला असे. स्टॅबिलायझर म्हणजे पत्र्याची पेटी, तिच्या तोंडावर एक लाल दिवा आणि काचेमागे एक काटा. आत काय भरलं आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नसे. त्याला काटा दिसे. दुकानदार बाहेरून येणारी वीज मुद्दाम कमीजास्त करून दाखवी आणि गिऱ्हाईक काट्यावर डोळे लावून उभं राही. काटा दोनशे तीसवरून ढळला नाही तर पेटी विकली जाई.

म्हणून गाळ्यात एक पद्धत होती. पेटी खोक्यात जाण्याआधी भावोजी ती स्वतः टेबलावर घेत. एका हाताने वीज चढवण्या-उतरवण्याची चकती गरागरा फिरवत आणि काट्याकडे बघत. तो थरथरला तर पेटी मागे. आतली जोडणी ठीक असली, वीज बरोबर येत असली, तरी मागे.

"काटा हलला की गिऱ्हाईक हलतं," असं ते म्हणत. वायरिंग करणाऱ्या बायकांच्या तोंडीही ते बसलं होतं. एखादीची पेटी परत आली की बाकीच्या तिला "तुझा हलला गं" म्हणून चिडवत.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. साप्ताहिक सुट्टीला बोरिवलीला ताईकडे जेवायला जाई आणि तिथून भावोजी मला बहुधा गाळ्यावर ओढून नेत. त्यांचे वडील गिरणीत होते. ते स्वतः रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात करून इथवर आले होते. त्यांना इंग्रजी वाचता येई, पण लांब वाक्यांत ते अडकत. ती वाक्यं सोडवून सांगणं हे माझं काम होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी विमान चालवायला शिकत होती. शाळा शहराबाहेर होती, दहिसरचा नाका ओलांडून गाडीने बराच वेळ पुढे. उघडं मैदान, एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि दोन जुनी दोन आसनी विमानं. त्यातलं एक बहुतेक वेळा उघडून ठेवलेलं असे. शिकणारे पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाची पाळी फार दिवसांनी येई. माझी भाची पहाटे निघे, दिवसभर शेडमध्ये बसे आणि पुष्कळदा न उडताच परत येई.

"दोन पाळ्यांमध्ये हात विसरून जातो, बाबा," ती एकदा जेवताना म्हणाली.

"मग घरी सराव कर."

"कशावर? पोळपाटावर?"

भावोजी हसले नाहीत. काही आठवड्यांनी गाळ्याच्या मागच्या भिंतीशी प्लायवूडची एक चौकट उभी राहिली.

जमिनीवर बसून विमान चालवण्याचं ते यंत्र होतं. आत जुन्या टॅक्सीची सीट होती, समोर दांडा, उजव्या हाताशी इंजिनची ताकद वाढवण्याचा खटका. पायांशी दोन पट्ट्या. समोरच्या फळीवर काटे. खिडकीतून दिसायला काही नव्हतं, पुढे भिंत होती. तबकड्या घाटकोपरच्या एका छपाईवाल्याकडून छापून आणल्या होत्या आणि त्या अस्सल वाटत. इतर काटे भावोजींनी लवकर बसवले. वेगाच्या काट्याने मात्र त्यांना धरून ठेवलं.

कारण तो काटा वेग मोजत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात घुसते आणि किती जोराने दाबते ते काटा दाखवतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. अगदी कमी वेगात दाब इतका थोडा असतो की काटा जागचा उठतच नाही. विमानाने नाक फार वर केलं तर हवा नळीत तिरकी शिरते आणि काटा खऱ्याहून कमी दाखवतो. हे सगळं विमानासोबतच्या पुस्तिकेत होतं. तिच्या सायक्लोस्टाईल केलेल्या प्रती शाळा मुलांना देई. मी वाचून सांगत गेलो आणि भावोजी ते तारांत बसवत गेले. खटका पुढे केला तर वेग वाढायचा. तोही एकदम वाढून चालणार नव्हतं. विमानाला वजन आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून एका कंडेन्सरमध्ये वीज हळूहळू भरेल अशी सोय केली. नाक वर गेलं की वेग गळायचा. तिरक्या हवेची चूकही त्यांनी सोडली नाही. डायोड नावाचे सुटे भाग लावून वेगाच्या आलेखाची रेषा जिथे वाकायला हवी तिथे वाकवली.

आकडे सगळे बरोबर आले. चढताना सत्तर, उतरताना पासष्ट, आणि पंचेचाळीसच्या खाली पंखांवरची हवा सुटून विमान कोसळणार. याला स्टॉल म्हणतात. यंत्रात त्या जागी एक घंटी वाजे. मी पुस्तिका हातात धरून प्रत्येक आकडा तपासला. एकही चुकला नाही.

एकच गोष्ट भावोजींना खुपत होती. काटा थरथरत होता. दांड्याला जोडलेले कंट्रोल, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतात तसे, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले जुने, झिजलेले होते. दांडा जरा हलला की त्यातून खरखर येई. शेजारच्या गाळ्यातला पत्रा कापायचा प्रेस पडला की सगळी चौकटही हादरे. काटा पासष्टच्या आजूबाजूला कुडकुडत राही.

त्याच सुमारास पुस्तिकेत एक वाक्य आलं. हवा खडबडीत असेल तर काटा झुलेल, वैमानिकाने त्यातला मधला आकडा धरावा.

"म्हणजे शेवटी मधलाच आकडा लागतो ना?" भावोजींनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"मग तोच दाखवू की थेट. पोरीने कशाला डोळे फोडायचे?"

त्यांनी काट्याच्या मागे दुसरा एक मोठा कंडेन्सर जोडला. काटा शांत झाला. दांडा ओढला तर सावकाश, डौलात उतरे. सोडला तर तसाच सावकाश चढे. प्रेस पडला तरी त्याच्यावर परिणाम होईना. बायका काम सोडून बघायला आल्या. एकीने कमरेवर हात ठेवून, भावोजींची नक्कल करत म्हटलं, "पास!" सगळ्या हसल्या. भावोजीही हसले. ते यंत्र त्यांनी त्या दिवशी पूर्ण झालं असं मानलं.

भाची रोज संध्याकाळी त्यावर बसू लागली. मीही कधी कधी मागे स्टुलावर बसून बघे. काटा पासष्टवर आणून ठेवायचा, तिथेच राखायचा, वळायचं, उतरायचं. तिचा हात पाहता पाहता हलका झाला. काटा खाली येऊ लागला की किती दाब द्यायचा हे तिला कळू लागलं. पुढे पुढे ती समोरच्या भिंतीकडे एकदाही बघत नसे. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

शाळेतले शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. मूळचे पुण्याचे, स्वच्छ आणि सावकाश बोलणारे. भाचीबरोबर काही उड्डाणं झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं की तिचा हात चांगला आहे आणि तिची नजर वाईट आहे.

"नजर वाईट म्हणजे?" ताईने विचारलं.

"मी आतच बघते म्हणे. काट्याकडे." भाचीने चहाचा कप खाली ठेवला. "आज काय केलं माहितेय? उतरताना त्यांनी स्वतःचा रुमाल काढला आणि काट्यावर खोचून टाकला. म्हणाले, आता उतरव."

"मग?"

"मग माझी वाट लागली ना. त्यांनीच उतरवलं."

कॅप्टनचं म्हणणं असं की वेग नुसता काट्यावर नसतो. समोर नाक क्षितिजाच्या किती वर आहे त्यात असतो. वाऱ्याच्या आवाजात असतो, वेग कमी झाला की तो आवाज मिटत जातो. दांडा हातात जड आहे की पोकळ यात असतो. काटा हा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते. भाचीने हे आम्हाला त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं.  आपल्या यंत्रात क्षितिज नाही आणि वारा नाही, हे भावोजींना कोणी सांगायची गरज नव्हती.

काही दिवसांनी कॅप्टन गाळ्यावर आले. मुलगी हे कुठून शिकली ते त्यांना बघायचं होतं. भावोजींनी त्यांच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅप्टन टॅक्सीच्या सीटवर बसले, खटका पुढे केला, दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला.  मग त्यांनी वेगाच्या काचेवर नखाने टकटक केलं. काटा हलला नाही.

"आकडे उत्तम आहेत," ते म्हणाले. "मी इतके बरोबर आकडे हवाई दलाच्या सरावाच्या यंत्रावरही बघितले नव्हते."

"थँक्यू, साहेब."

"पण हा काटा आजारी आहे."

भावोजींचा चेहरा बदलला. "आजारी कसा? एवढा स्टेडी काटा तुम्हाला बाजारात मिळणार नाही."

"तेच म्हणतोय मी. निरोगी विमानाचा काटा असा नसतो. हवेत तो सतत थोडा तडफडत असतो. इतका शांत काटा मी एकदाच पाहिला आहे. त्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशीने घर केलं होतं. ती माती आणून भोक लिंपते. पूर्ण बंद झालं तर बरं, काटा उठतच नाही, माणूस उडतच नाही. अर्धवट बंद झालं की हवा आत झिरपते आणि झिरपत बाहेर येते. मग काटा असा चालतो. सावकाश. मागून. तो दाखवतो तो वेग मघाचा असतो."

"त्या विमानाचं काय झालं?" भाचीने विचारलं.

 कॅप्टन सीटवरून उठले आणि पँट झटकली. "साहेब, एवढं कराच. काट्याला थोडं हलू द्या."

भावोजींनी प्रयत्न केला, हे नोंदवायला हवं. त्यांनी खेळण्यातली एक छोटी मोटर आणली, तिच्या दांड्यावर एका बाजूला शिशाचा गोळा चिकटवला आणि ती फळीच्या मागे बसवली. मोटर फिरली की काटा थरथरू लागे. तो शुक्रवार होता, माल उचलायला टेम्पो आला होता. खोकी नेणारा हमाल यंत्राजवळून जाताना थांबला.

"शेठ, ये पीस रिजेक्ट है क्या?"

बायका खुदखुदल्या. भावोजींनी मोटरचा स्विच बंद केला. उन्हाळा तोंडावर होता, स्टॅबिलायझरची मागणी वाढली होती, मोटरची तार तशीच लोंबत राहिली. पुढे एकदा जागा लागली म्हणून कोणीतरी मोटर काढून ठेवली. काटा पुन्हा शांत झाला. भाची त्यावर सराव करत राहिली.

एप्रिलमध्ये तिने एकटीने पहिलं उड्डाण केलं. ते सुरळीत झालं. ताईने पेढे वाटले. त्या संध्याकाळी मात्र आत स्वयंपाकघरात ती भावोजींना खालच्या आवाजात म्हणाली, आणि चिडली किंवा घाबरली की येते तशी माहेरची मालवणी तिच्या तोंडी आली होती, "माझ्या चेडवाक काय झाला तर मी तुमका सोडूचंय नाय."

"अगं, काय होणार?"

"माका काय म्हायत? तुमीच शिकवतास मा?"

पावसात शाळा बंदच असल्यासारखी होती. विमानं शेडमध्ये उभी राहिली. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी भाचीला एकटीने मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या होत्या. भावोजींनी एका ओळखीच्याची गाडी मागून घेतली आणि मलाही बरोबर घेतलं. ताईने पोळ्यांचा डबा दिला. ती स्वतः आली नाही.

मैदानावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. भाचीने विमानाभोवती नेहमीची तपासणी केली. पंखाखालच्या नळीला उभ्या विमानात एक टोपी घालतात, तिला लाल पट्टी असते. ही टोपी पावसाळ्यात कधीतरी वाऱ्याने गेली होती आणि तिच्या जागी कोणीतरी फडकं गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. भाचीने सुतळी सोडली, वाकून भोकात बघितलं. तोंड मोकळं होतं. आतलं दिसत नाही. त्या नळीत फुंकर मारायची नाही, काही खुपसायचं नाही, असा नियम होता आणि तिने तो पाळला.

विमान जुनं होतं. त्यात रेडिओ नव्हता आणि स्टॉलची सूचना देणारा भोंगाही नव्हता. कॅप्टन धावपट्टीच्या कडेला एक हातदिवा घेऊन उभे राहत. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नकोस, वर जा. आम्ही दोघं त्यांच्यामागे उभे राहिलो.

ती धावली आणि उठली. नेहमीपेक्षा जरा उशिरा उठली, असं कॅप्टन म्हणाले.  विमान मैदानाला वळसा घालून उतरण्यासाठी समोर आलं तेव्हा ते लांबून अगदी नेटकं दिसत होतं. भावोजींनी डोळ्यांवर हात धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं.

"नाक वर आहे," कॅप्टन म्हणाले.

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "नाक खाली घे, बाळ." एखाद्या शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तशा आवाजात.

मग त्यांनी लाल दिवा धरला. विमान तसंच येत राहिलं, नाक वर, खाली लोंबकळल्यासारखं. इंजिनचा आवाज बारीक होता. कॅप्टननी दिवा डोक्यावर धरला आणि ते धावपट्टीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. तरी बदल नाही.

"ती बघत नाहीये," ते मागे न वळता म्हणाले. "ती आत बघतेय."

भावोजींनी हे ऐकलं. मी त्यांच्या बाजूला होतो. त्यांनी माझा दंड धरला आणि त्यानंतर जे झालं ते होईपर्यंत सोडला नाही. माझ्या टेबलावर अशा घटनांच्या बातम्या येत. शिकाऊ वैमानिक, प्रशिक्षण विमान, मैदानाजवळच्या शेतात. त्या ओळी आतल्या पानावर, खालच्या बाजूला जातात. त्या क्षणी त्या मला जुळवलेल्या दिसल्या. वयाच्या आकड्यासह.

डावा पंख खाली गेला. हळू नाही, कोणी खालून ओढावा तसा. विमान त्या बाजूला कलंडलं आणि गवताआड गेलं. पुढे इंजिनचा आवाज एकदम फुटला. गवतावरून विमान आमच्याकडे आलं, खूप खाली, पंख सरळ, नाक आता जमिनीकडे. कॅप्टन आडवे झाले. विमान आमच्या डोक्यावरून गेलं आणि हळूहळू चढू लागलं.

भावोजी खाली बसले. 

तिने पुन्हा सबंध वळसा घेतला. या वेळी ती वेगाने आली, नाक खाली, धावपट्टी अर्धी संपल्यावर टेकली आणि पलीकडच्या चराच्या जरा अलीकडे थांबली. पंखा बंद झाला. आम्ही धावत पोचलो तेव्हा ती आतच बसली होती. हात मांडीवर. समोरच्या फळीवर वेगाच्या काचेवर तिचा रुमाल खोचलेला होता.

कॅप्टननी दार उघडलं आणि काही न विचारता तो रुमाल काढला.

विमान उभं होतं. पंखा थांबलेला होता. काटा चाळीसच्या पुढे होता आणि सावकाश, डौलात खाली येत होता.

आम्ही तिघं तो बघत राहिलो. गाळ्यात मी तो असाच उतरताना शेकडो वेळा बघितला होता.

"पंख खाली गेला तरी हा साठवर होता," भाची म्हणाली.  "तेव्हा मी बाहेर बघितलं. बाहेर नुसती जमीन होती." नंतर ती वडिलांकडे वळली. "काटा अगदी आपल्यासारखा चालत होता, बाबा. उशिरा उठला, सावकाश चढला. म्हणून मला काही वाटलंच नाही."

भावोजी म्हणाले, "उतर खाली." एवढंच.

शेडमध्ये कॅप्टननी नळी सोडवून घेतली आणि कागदावर आपटली. लालसर माती पडली. काही कोरडी, काही अजून दमट. उड्डाणात हादऱ्यांनी ती आत सरकत गेली असावी आणि दर मिनिटाला भोक आणखी बारीक होत गेलं असावं, असं त्यांनी सांगितलं. मातीच्या शेवटच्या गठ्ठ्यात एक हिरवी अळी निघाली. कुंभारीण आपल्या पिल्लांसाठी अळ्या आणून ठेवते. त्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही. ती अळी जिवंत होती. भाचीने तिला काडीने स्पर्श केला. ती हलली नाही.

परतताना गाडीत कोणी डबा उघडला नाही. दहिसरच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा भावोजींनी एकच प्रश्न विचारला. "मोटर कोणी काढली रे?"

त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. गाळ्यातही कोणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाण्याआधी अंधेरीला गेलो. भावोजी यंत्राच्या मागे गुडघ्यावर बसले होते. त्यांनी काट्यामागचा कंडेन्सर कटरने कापून काढला होता. तो बाजूला फरशीवर पडला होता. यंत्र चालू होतं. शेजारी प्रेस पडत होता आणि काटा पासष्टच्या आजूबाजूला कुडकुडत होता, पहिल्या दिवशी कुडकुडत होता तसा. वायरिंगच्या बायका हातातलं काम घेऊन बसल्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं होतं. एकीने तरीही सवयीने म्हटलं, "शेठ, हलतोय."

"हलू दे," भावोजी म्हणाले.

मग त्यांनी आणखी एक खटका बसवला. तो फळीच्या मागे होता, बसणाऱ्याला दिसत नसे. तो दाबला की कापलेल्या जागी दुसरा कंडेन्सर जोडला जाई आणि काटा हळूहळू शांत होई. भाची सराव करत असताना ते कधीही, न सांगता, मागे जाऊन तो दाबत. ती किती वेळाने ओळखते ते बघत उभे राहत. सुरुवातीला तिला वेळ लागे. त्या वेळात भावोजींचा चेहरा मी बघत नसे. पुढे ती लगेच ओळखू लागली. ओळखलं की काचेवर रुमाल खोचून यंत्र तसंच चालवत राही, समोरच्या भिंतीकडे बघत. भिंतीवर भावोजींनी खडूने एक आडवी रेघ मारली होती.

विमान सोड, असं ताई तिला एकदाच म्हणाली. भाचीने नाही म्हटलं. त्यानंतर ताई भावोजींशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती.

भाची उडत राहिली. ज्या दिवशी तिची पाळी असे त्या दिवशी भावोजी गाळ्यावरून लवकर घरी येत आणि गॅलरीत उभे राहत. ती आली की दारातच विचारत, "हलत होता?"

"हलत होता, बाबा."

मग ते आत जात आणि टीव्ही लावत. हा प्रश्न आणि हे उत्तर मी अनेकदा ऐकलं. त्यात काही बदल होत नसे.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी तिथे होतो. ती आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. भावोजींनी विचारलं.  ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सांग ना," भावोजी म्हणाले.

"हलत होता," ती म्हणाली. "पण मला खरं वाटेना. तीनदा काच वाजवून बघितली."

भावोजींनी मान हलवली. टीव्हीखालच्या स्टॅबिलायझरचा काटा दोनशे तीसवर होता. ते उठले, खाली वाकले, आणि त्याच्या काचेवर नखाने टकटक करून बघत राहिले.